कुंडीत वाढलेल्या झाडाचा वामनवृक्ष

रत्नागिरी जिल्ह्यातील रोपवाटिकांत पावसाळा सरला की न खपलेली काही रोपे मागे राहतात. वड, चिंच, नांदरुक यांची अशी रोपे चार-पाच वर्षे कुंडीतच राहिली, म्हणजे शेंडा उंच जातो, बुंधा उघडा पडतो आणि मुळे कुंडीच्या कडेने वेटोळे घालतात. असे झाड पुष्कळदा उकिरड्यावर जाते. परंतु त्याचे जाड झालेले खोड हेच त्याचे धन होय. असे खोड तयार होण्यास वर्षे लागतात; वामनवृक्ष करणाऱ्यास ते आयते मिळते.

ही कला चीनमध्ये उगम पावली व जपानमध्ये वाढली. १९२३ च्या भूकंपानंतर तोक्योतील व्यावसायिकांनी १९२५ मध्ये ओमिया येथे वामनवृक्षांचे गावच वसविले. कोकणातील शेतकऱ्यास ठेंगणे झाड नवे नाही. जांभ्याच्या सड्यावर, वीतभर मातीत व खाऱ्या वाऱ्यात वाढलेली झाडे तो नित्य पाहतो. माती थोडी असली तरी झाड जगते; मात्र त्याच्या मुळांचा व पानांचा मेळ राहिला पाहिजे. हेच या कामाचे मर्म आहे.

नवशिक्याच्या हातून झाड मरते ते बहुधा घाईमुळे. फांद्या, मुळे व कुंडी या तिन्हींवर एकाच दिवशी हात चालविला जातो आणि झाड आठवड्याभरात माना टाकते. म्हणून हे काम दोन पावसाळ्यांत वाटून घ्यावे.

पहिल्या वर्षी जूनच्या आरंभी शेंडा छाटावा. प्रथम बुंध्याजवळची माती हलक्या हाताने सारून मुळांचा पसारा पाहावा व झाडाची दर्शनी बाजू ठरवावी. नंतर एखाद्या चांगल्या फांदीच्या वर तिरपा काप घ्यावा. एकमेकींना छेदणाऱ्या व सरळ खाली जाणाऱ्या फांद्या काढाव्यात. वड-नांदरुकाचा चीक ओल्या फडक्याने पुसावा आणि मोठ्या जखमेस बोर्डो मलम लावावे. त्या वर्षी मुळांना हात लावू नये.

दुसऱ्या वर्षी, झाड जोमाने फुटत असेल तरच, पावसाच्या प्रारंभी ते कुंडीतून काढावे. मुळांचे वेटोळे काडीने सोडवून सुमारे एक तृतीयांश मुळे धारदार कात्रीने कापावीत. बारीक तंतुमुळे शक्य तितकी राखावीत. चाळलेली जांभ्याची खडी, कुजलेले पानखत व थोडी माती यांचे मिश्रण भरावे. जिल्ह्यात वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. म्हणून मातीतील भुकटी चाळून टाकावी आणि तबकाची भोके मोकळी ठेवावीत. पाणी साचले तर मुळे कुजतात. पहिले तीन-चार आठवडे झाड मुसळधार पाऊस व कडक ऊन यांपासून आडोशाला ठेवावे आणि महिनाभर खत देऊ नये.

फांदीस वळण देण्यासाठी तिच्या जाडीच्या सुमारे एक तृतीयांश जाडीची तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची तार तिरपी गुंडाळावी. पावसाळ्यात वाढ जलद होते. तार सालीत रुतू लागताच ती तुकडे करून काढावी. उन्हाळ्यात उथळ तबक लवकर वाळते, तेव्हा सकाळ-सायंकाळ ओल पाहावी. झाड घरात कोंडून न ठेवता अंगणात उजेडी ठेवावे.

हापूस या कामास प्रारंभी घेऊ नये. छाटणीने पाने लहान होतात, फळ मात्र लहान होत नाही. ठेंगण्या फांदीस त्याचा भार पेलत नाही. तथापि, जुन्या, दाट व उंच आमराईचे छाटणीने जे पुनरुज्जीवन करतात, त्यातही तत्त्व तेच असते: उंची उतरवून आत उजेड आणावयाचा. त्याविषयी दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा सल्ला घ्यावा.

शेवटी एक दक्षता सांगणे अवश्य आहे. हौसेपोटी सड्यावरची वा रानातील झाडे उपटू नयेत. घराच्या भिंतीत किंवा विहिरीच्या काठात रुजलेला वड-पिंपळ नाही तरी काढावाच लागतो. त्यावर हात बसवावा. ग्रामसेवकाने गावातील रोपवाटिकेत असे एक झाड शोधून पावसाच्या तोंडी चार जणांसमक्ष त्याचा शेंडा छाटून दाखवावा. पुढील पावसाळ्यात त्याच झाडाची मुळे पाहताना काम का वाटून घ्यावयाचे, हे सर्वांस आपोआप उमगेल.