रस बिघडण्याआधी
गळीत हंगामात साखर कारखाना रात्रंदिवस चालतो, आणि खरं नुकसान अनेकदा डोळ्यांना दिसतच नाही. उसाच्या रसात कालवलेला चुना आणि गंधकाचा धूर सोडून त्याचा सामू (pH) ७ च्या आसपास राखावा लागतो. चुना कमी पडून तापलेला रस आंबट राहिला, की साखर फुटून तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. त्याचे दाणे धरत नाहीत, ते मळीत जातं आणि उतारा घटतो. प्रयोगशाळेच्या दोन नमुन्यांमधल्या वेळात कितीतरी रस पुढे निघून जातो. शेतकऱ्याचा वर्षभराचा घाम त्यात असतो, म्हणून रसावरची सततची पाळत महत्त्वाची.

इथे सॉफ्टवेअर एजंट कामी येतो. एजंट म्हणजे सेन्सरचे आकडे सतत वाचून त्यांचा एकमेकांशी मेळ घालणारा छोटा प्रोग्राम. साधा भोंगा मर्यादा ओलांडली की वाजतो, एवढंच. एजंट मात्र पाहतो, की सामू घसरतोय, चुन्याचा पंप चालू आहे, पण नळीतला प्रवाह मंदावलाय. मग तो केमिस्टच्या फोनवर ‘चुन्याची नळी तपासा’ एवढाच निरोप धाडतो. पाच मिनिटांत उत्तर आलं नाही तर शिफ्टच्या प्रमुखाला कळवतो. माझ्या मते एजंटची किंमत तो किती वेळा ओरडतो यावर नाही, योग्य माणसाला नेमकं काय सांगतो यावर ठरते. २४ जुलै १९९४ ला वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या तेल रिफायनरीत स्फोट झाला. त्याआधीच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ सूचना येऊन आदळल्या होत्या. इशारे भरपूर होते, पण त्या गर्दीत कामाचा इशारा हरवला.

जाणता कामगार मिलच्या आवाजावरूनच बेअरिंग तापल्याचं ओळखतो, मग हा खर्च कशाला, असं विचारलं जातं. त्याचा कान खराच तयार असतो. पण पहाटे तीनला तो एकाच वेळी मिलपाशी, बॉयलरपाशी आणि चुन्याच्या टाकीपाशी असू शकत नाही. कोणत्या लक्षणावर कुणाला उठवायचं हे एजंटला शिकवायलाही तोच माणूस हवा, त्यामुळे त्याला घरी बसवणं हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार ठरेल. यंत्रच चुकलं तर, ही शंका मला अधिक वजनदार वाटते. सामू मोजणाऱ्या इलेक्ट्रोडवर थर साचला की आकडा खोटा येतो, आणि एजंट त्यावर विश्वास ठेवून गप्प बसतो. म्हणून इलेक्ट्रोड नियमित धुऊन, ठरलेल्या द्रावणात तपासून घ्यायलाच हवा. शिवाय रस वाहत असताना सामूचा आकडा बराच वेळ जराही हलला नाही, तर ‘सेन्सर पाहा’ असा निरोप एजंटने धाडला पाहिजे.