द्रव्यमानमध्य, प्रतलीय आकृतींचा
परिबलांचा विचार करताना प्रतलीय आकृतीचे सर्व द्रव्यमान ज्या बिंदूत एकवटले आहे असे मानता येते, त्या बिंदूस तिचा द्रव्यमानमध्य म्हणतात. सारख्या जाडीच्या व घनतेच्या पटलाच्या बाबतीत तो केवळ आकारावर अवलंबून असतो. एकसमान गुरुत्वाकर्षणात द्रव्यमानमध्य व गुरुत्वमध्य एकच होत. आर्किमिडीज (इ. स. पू. सु. २८७–२१२) यांनी त्रिकोण व अन्वस्तखंड यांचे गुरुत्वमध्य भूमितीने काढले होते. समाकलनामुळे कोणत्याही ज्ञात वक्राने सीमित झालेल्या आकृतीसाठी एकच रीत उपलब्ध झाली.

रीत : आकृतीच्या अक्षाला समांतर अशा अत्यल्प रुंदीच्या पट्ट्या कल्पितात. प्रत्येक पट्टीचे क्षेत्रफळ व तिचे अक्षापासूनचे अंतर यांचा गुणाकार म्हणजे तिचे परिबल. सर्व परिबलांच्या समाकलास एकूण क्षेत्रफळाने भागले असता द्रव्यमानमध्याचे अक्षापासूनचे अंतर मिळते. अर्धवर्तुळाकार पटलासाठी हे अंतर व्यासापासून त्रिज्येच्या ४/३π पट येते.

उदाहरण : दगडी धरणाचा छेद काटकोन त्रिकोण मानू. त्याचा पाया प, उंची उ व पाण्याकडील बाजू उभी आहे. उभ्या बाजूपासून क्ष अंतरावर पट्टीची उंची उ(१ − क्ष/प) असते. क्ष = ० ते क्ष = प या सीमांत समाकलन केल्यास क्षेत्रफळ प×उ/२ व परिबल प²×उ/६ मिळते; म्हणून द्रव्यमानमध्य उभ्या बाजूपासून प/३ अंतरावर असतो. जलाशय काठोकाठ भरला म्हणजे पाण्याच्या रेट्यामुळे परिणामी प्रेरणा पायाला छेदते तो बिंदू उ²/(३×घ×प) इतका पुढे सरकतो (घ = बांधकामाची सापेक्ष घनता). तो पायाच्या मधल्या तृतीयांशाबाहेर गेल्यास पाण्याकडील कडेला ताण उत्पन्न होऊन भेग पडण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी प किमान उ/√घ हवा. घ = २·४ व उ = ३० मी. असल्यास पाया सु. १९·४ मी. येतो. पायाखालून वर ढकलणारा पाण्याचा दाब येथे धरलेला नाही. तो धरल्यास पाया अधिक रुंद लागतो.

परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर १९६८ मध्ये पूर्ण झालेले, सु. ५१ मी. उंचीचे येलदरी धरण मातीचे आहे. मातीच्या बांधात उलथण्यापेक्षा उतार घसरण्याचे भय अधिक असते. घसरू पाहणाऱ्या वर्तुळखंडाचा आकार अनियमित असल्याने त्याचे उभे काप पाडून परिबलांची बेरीज करतात. ही समाकलनाचीच आसन्न रीत होय. या वर्तुळखंडाचा द्रव्यमानमध्य घसरणवर्तुळाच्या केंद्रातून जाणाऱ्या उभ्या रेषेपासून जितका दूर, तितके घसरविणारे परिबल मोठे असते.