“जरा बाहेर जाऊन ओढता का?” हे म्हणायचं कुणी?

खरं सांगा, एखाद्या अनोळखी माणसाला “जरा बाहेर जाऊन ओढता का?” असं तुम्ही शेवटचं कधी म्हणालात?

बहुतेकांना आठवायला वेळ लागेल. हॉटेलात शेजारच्या टेबलावर सिगारेट पेटली की आपण काय करतो ते ठरलेलं आहे. आधी हाताने धूर उडवल्यासारखं करायचं. मग मुलाला उचलून पलीकडच्या खुर्चीवर बसवायचं. मग वेटरकडे बघायचं. वेटर नेमका तेव्हाच दुसरीकडे बघतो. शेवटी आपणच गुलाबजाम रद्द करून बिल मागवतो आणि रिक्षात बसल्यावर मात्र सगळा राग बाहेर काढतो.

आणि मत विचारलं तर? बंद जागेत सिगारेट ओढायला बंदी हवीच, असं आपण सगळे एका सुरात सांगतो. ओढणारेसुद्धा सांगतात. ओढणाऱ्या कित्येकांना दुसऱ्याचा धूर अजिबात सहन होत नाही, हे तुमच्याही पाहण्यात असेल! मग एवढं एकमत असताना धूर जात का नाही?

मी हे कुंभकोणममधून लिहितेय. कावेरीकाठचं, देवळांचं, डिग्री कॉफीचं गाव. तंजावरच्या भोसल्यांच्या काळापासून या भागात मराठी घरं आहेत, त्यामुळे वाचणाऱ्यांपैकी काहीजण माझ्या शेजारचेही असतील. मुंबई-पुण्यासारखी पबची चैन इथे नाही. इथे आहे टास्मॅकचं दुकान, म्हणजे तामिळनाडू सरकारच्या कंपनीचं दारूचं दुकान, आणि अशा काही दुकानांना चिकटून असलेला बार. शिवाय चहाची टपरी, बसस्टँड, मेस, लॉजचं रिसेप्शन आणि लग्नाचे मोठमोठे हॉल. धुराला पबच लागतो असं थोडंच आहे?

एक गंमत बघा. मराठीत आपण सिगारेट ‘ओढतो’, हिंदीवाले ‘पितात’ आणि तमिळमध्ये धूर ‘पकडतात’: ‘पुगै पिडि’. पुगै म्हणजे धूर. हा शब्द मला फार आवडतो, कारण शेजारी बसलेल्या माणसाला धूर पकडायचा नसतो आणि तरी धूर त्याला पकडतो.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. मुंबईचे मुरली देवरा यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने देशभरातल्या दवाखाने, शाळा-कॉलेजं, ग्रंथालयं, सार्वजनिक कार्यालयं, बस-रेल्वे अशा ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. न ओढणाऱ्याने दुसऱ्याच्या धुराने आजारी का पडावं, हा साधा प्रश्न त्यामागे होता. मग २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा आला आणि सार्वजनिक जागेतल्या धूम्रपानावरची बंदी १ मे २००४ पासून लागू झाली. आपल्या महाराष्ट्र दिनीच! पण पब, बार, ऑफिस, मॉल, सिनेमागृह यांची नावं घेऊन स्पष्ट नियम आले ते २ ऑक्टोबर २००८ ला. तेव्हा केंद्रात आरोग्यमंत्री होते तामिळनाडूतल्याच पक्षाचे डॉ. अंबुमणी रामदास. सिनेमातल्या सिगारेटवरून थेट बड्या हिरोंशी वाद घेणारे हेच ते. नियम लागू होण्याआधी सिगारेट कंपन्या आणि हॉटेलवाले न्यायालयात गेले, पण सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली नाही.

म्हणजे ‘पबमध्ये बंदी असावी का?’ हा प्रश्न आपल्याकडे केव्हाच निकालात निघालाय. बंदी आहे. टास्मॅकला लागून असलेल्या बारमध्येही आहे. तरीही लोक आजही “बंदी आणायला पाहिजे हो” असं म्हणतात, यातच सगळं आलं.

या सगळ्यात मला सर्वात जास्त विचार करायला लावला तो दोन आकड्यांनी. भारतात प्रौढांच्या तंबाखू-वापराचं मोठं सर्वेक्षण २००९-१० मध्ये झालं आणि पुन्हा २०१६-१७ मध्ये. घरात दुसऱ्याच्या धुराचा त्रास होणारे प्रौढ पहिल्या वेळी ५२.३ टक्के होते, दुसऱ्या वेळी ३८.७ टक्के. चांगलीच घट. आणि कामाच्या बंद जागेत? २९.९ टक्क्यांवरून ३०.२ टक्के. जवळजवळ जिथल्या तिथे.

पुन्हा एकदा वाचा. घरात सिगारेट ओढू नये असा कायदा नाही. घरात पोलीस येत नाही, पाटी नाही, दंड नाही. तिथे धूर कमी झाला. ऑफिसात, हॉटेलात, दुकानात कायदा आहे, पाटी आहे, दंडही आहे. तिथे मात्र काटा हललाच नाही.

असं का झालं, याचं उत्तर सर्वेक्षणात नाही, पण माझा अंदाज सांगते. घरात बोलणारं माणूस असतं. “बाळ आलंय, आता घरात नको.” “आईंना दमा आहे, गच्चीवर जा.” “पडद्यांना वास येतो!” बायको बोलते, सून बोलते, शाळेतून काहीतरी शिकून आलेली सात वर्षांची नात तर आजोबांना सळो की पळो करून सोडते. आजोबा कुरकुरतात आणि चप्पल घालून अंगणात जातात. घरातल्या बायकापोरांनी कुठलीही अधिसूचना न काढता हे घडवून आणलं असेल, तर त्याचं कौतुक कुठेच झालेलं नाही.

तिथे त्यांची गरजही सर्वात जास्त होती. १९८१ मध्ये जपानच्या ताकेशी हिरायामा यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्वतः कधीही सिगारेट न ओढलेल्या ९१,५४० विवाहित बायकांची १४ वर्षांची नोंद त्यात होती. ज्यांचे नवरे दिवसाला २० किंवा जास्त सिगारेटी ओढत, त्या बायकांचा फुप्फुसाच्या कॅन्सरने मृत्यू होण्याचा धोका न ओढणाऱ्यांच्या बायकांपेक्षा सुमारे दुप्पट निघाला. दुसऱ्याचा धूर नुसता ‘वास’ नाही, हे जगाने मान्य करायला सुरुवात केली ती अशा अभ्यासांमुळे.

आता हॉटेलात या. तिथे कोण बोलणार? वेटर? ज्याच्या टिपेवर त्याचा दिवस ठरतो, त्याच गिऱ्हाईकाला तो “साहेब, बाहेर” म्हणेल? ऑफिसात नवीन लागलेली मुलगी केबिनमध्ये सिगारेट शिलगावणाऱ्या बॉसला म्हणेल? मीही नसते म्हणाले, तुम्हीही नाही. तुम्ही-आम्ही तासाभरात बिल देऊन निघून जातो. पण वेटर, काउंटरवरचा माणूस, भांडी घासणारी मावशी, यांची तिथे दहा-दहा तासांची ड्युटी असते. धूर खरा त्यांच्या वाट्याला येतो आणि जनमताच्या चर्चेत त्यांना कुणी विचारतच नाही.

आयर्लंडने नेमकं त्यांनाच पुढे केलं. २९ मार्च २००४ ला, म्हणजे आपल्या १ मेच्या महिनाभर आधी, पबसकट सगळ्या कामाच्या बंद जागांत धूम्रपान बंद करणारा तो जगातला पहिला देश ठरला. पब म्हणजे तिथली गावाची चावडी. मालकांनी आरडाओरडा केला, धंदा बुडेल म्हणाले. पण सरकारचा मुद्दा गिऱ्हाईकाचा नव्हताच. पब ही कुणाची तरी कामाची जागा आहे आणि कामाला येणाऱ्याला आजार पगारासोबत मिळता कामा नये, असं ते म्हणत होतं. लोक ग्लास टेबलावर ठेवून दाराबाहेर जाऊ लागले, पावसात कोट घालून उभे राहू लागले, आणि ते अंगवळणी पडलं. इंग्लंडने १ जुलै २००७ ला तेच केलं.

आपल्या २००८ च्या नियमांतही बोलण्याची जबाबदारी कुणावर आहे ते स्पष्ट लिहिलंय: मालक, मॅनेजर किंवा त्या जागेचा प्रमुख. दाराशी ६० बाय ३० सेंटीमीटरची पाटी हवी. आत अ‍ॅशट्रे, काडेपेटी, लायटर ठेवायचे नाहीत. तक्रार कुणाकडे करायची त्याचं नावसुद्धा लावलेलं हवं. आणि तक्रार येऊनही मालकाने काही केलं नाही, तर जितके जण ओढताना सापडतील तितक्या गुन्ह्यांचा दंड मालकाला. पाटी आपण सगळ्यांनी पाहिलीय. तक्रारीचं नाव किती ठिकाणी पाहिलंय? तुम्ही पुढच्या वेळी जिथे जेवायला जाल तिथे जरूर शोधा.

दंडाचं मात्र हसू येतं. २०० रुपयांपर्यंत. २००४ मध्ये ती रक्कम खिशाला जाणवायची, आज सिगारेटचं एक पाकीट त्याच्या आसपास येतं. २०२० च्या शेवटी केंद्र सरकारने दुरुस्तीचा मसुदा काढून लोकांची मतं मागवली होती. त्यात दंड २,००० रुपये करायचं आणि हॉटेल-विमानतळांवरच्या स्मोकिंग रूम बंद करायचं सुचवलं होतं. तेव्हा तो मसुदा कायद्यापर्यंत पोचला नाही.

या स्मोकिंग रूमची पळवाट तुम्हाला माहीत असायला हवी. ३० किंवा जास्त खोल्यांचं हॉटेल, ३० किंवा जास्त खुर्च्यांचं रेस्टॉरंट आणि विमानतळ यांना धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवता येते. पण तिला चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती हव्यात, आपोआप लागणारं दार हवं आणि धूर थेट इमारतीबाहेर टाकणारी यंत्रणा हवी. कोपऱ्यातली चार टेबलं आणि मध्ये कुंडीतलं झाड म्हणजे स्मोकिंग रूम नव्हे! आणि सगळं नियमाप्रमाणे केलं तरी वातानुकूलनाच्या इंजिनियरांची अमेरिकन संघटना अ‍ॅशरे हिने २००५ मध्येच सांगून टाकलंय की पंखे आणि फिल्टर लावून हा धोका पूर्ण जात नाही, आत ओढणं थांबवणं हाच उपाय. यंत्रं बसवणारेच असं म्हणत असतील तर आपण कशाला वाद घालायचा?

“हा आपला प्रश्नच नाही, आपल्याकडे लोक तंबाखू मळतात,” असं महाराष्ट्रातले वाचक म्हणतील. काही अंशी खरंय. त्याच २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ फक्त ३.८ टक्के निघाले, देशात १०.७ टक्के. पण माझ्या मते हे बंदीच्या बाजूचंच कारण आहे. शंभरातल्या चार माणसांसाठी उरलेल्या शहाण्णवांनी टेबल का बदलायचं? आणि प्रश्न फक्त फुप्फुसांचाही नाही. २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री मुंबईत कमला मिल्समधल्या रूफटॉप रेस्टॉरंटच्या आगीत १४ जण गेले. अग्निशमन दलाच्या तपासात हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे बोट दाखवलं गेलं आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्राने हुक्का पार्लरवर कायद्याने बंदी आणली.

ओढणाऱ्यांची बाजूही ऐकायला हवी. “आम्हाला कुत्र्यासारखं हाकलता, मग उभं तरी कुठे राहायचं?” हा राग खोटा नाही. बंदी सिगारेटवर नाही, छपराखालच्या धुरावर आहे, हे त्यांना नीट सांगितलं जात नाही. कुंभकोणमच्या टपऱ्यांवर लोक चहाचा ग्लास घेऊन रस्त्याच्या कडेला जाऊन ओढताना मी रोज बघते. आतल्या बाकावर आजी इडली खात असतात. भांडण नाही, पोलीस नाही. टपरीवाल्याने एकदा हात करून दाखवलं, की झालं. मालक बोलला की गिऱ्हाईक ऐकतं.

म्हणून पुढच्या वेळी ओढणाऱ्याशी हुज्जत घालू नका आणि वेटरला तर मध्ये अजिबात ओढू नका. उठा, काउंटरवर जा आणि मॅनेजरला विचारा, “इथे तक्रारीसाठी कुणाचं नाव लावलंय?” आवाज चढवायची गरज नाही. लग्नाचा हॉल बुक करताना आपण एसी, जनरेटर, पार्किंग, पंगतीची वेळ सगळं विचारतो. त्याच यादीत आणखी एक ओळ घाला: जेवणाच्या हॉलमध्ये आणि जिन्यात सिगारेट चालणार नाही, आणि ते पाहुण्यांना हॉलचा माणूस सांगेल, वधूचे वडील नव्हे.

आणि घरातल्या कुणाला सोडायचीच असेल तर सरकारची मोफत हेल्पलाइन आहे: १८००-११२-३५६. नंबर फ्रिजवर लावून ठेवा. आजोबांना दिसेल असा.