खोलातलं गोड पाणी

यवतमाळ जिल्ह्यात पाण्याचा विषय निघाला की बोलणं ‘किती’वर येऊन थांबतं. बेंबळा धरण किती भरलं, अरुणावती धरणात किती साठा उरला, विहिरीने तळ कधी गाठला, बोअरला किती फुटांवर पाणी लागलं. पांढरकवडा आणि त्याच्या आसपासच्या पट्ट्यात मात्र त्याआधी वेगळंच काही विचारायला हवं: हे पाणी जमिनीखाली किती वर्षं मुरत होतं? या भागातल्या भूजलात फ्लोराइड आढळतं आणि त्यावरचा अभ्यास ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात २००७ सालीच छापून आला आहे. लहानपणी असं पाणी पोटात गेलं की येणाऱ्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात; वर्षानुवर्षं पीत राहिलं की सांधे आखडतात, कणा ताठरतो. टंचाई आली की आणखी खोल जायचं ही आपली सवय झाली आहे. निदान पिण्याच्या पाण्यापुरती ती इथे चुकीची आहे, आणि त्याचं कारण पाण्याच्या स्वभावातच सापडतं.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनच्या एका बाजूला हायड्रोजनचे दोन अणू सुमारे १०४.५ अंशांचा कोन करून बसलेले असतात. त्यामुळे रेणूचं एक टोक किंचित ऋण, तर दुसरं किंचित धन असतं. मीठ असो की खडकातलं खनिज, त्यातले भारित कण हे रेणू आपल्याकडे ओढून सुटे करतात. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेत खाली उतरतं, म्हणजे ते थोडं आम्लधर्मी झालेलं असतं आणि खडक विरघळवायला अधिकच सरसावलेलं असतं. उथळ विहिरीतलं पाणी दरवर्षी बरंचसं बदलतं. खोल भेगांमधलं पाणी दगडाच्या सहवासात अनेक वर्षं काढतं आणि त्याच्यातलं बरंच काही उचलतं. खोलातलं पाणी नितळ असतं, कारण माती त्याला गाळून देते. पण गाळणीत अडकतो तो गाळ; विरघळलेलं काही अडकत नाही.

आता यातली खरी गंमत, गंमत म्हणायचं धाडस असेल तर. कॅल्शियम आणि फ्लोराइड यांचं एकमेकांवर फार प्रेम. दोघं भेटले की जवळजवळ न विरघळणारं संयुग बनतं, म्हणून ज्या पाण्यात कॅल्शियम भरपूर त्यात फ्लोराइडला फारशी जागा नसते. रसायनशास्त्राच्या हिशेबाने कॅल्शियम एक चतुर्थांशावर आलं की पाण्यात मावू शकणारं फ्लोराइड दुप्पट होतं. कापसाला मानवणाऱ्या काळ्या मातीतले चिकण कण नेमका हा तोल बिघडवू शकतात: पाण्यातलं कॅल्शियम स्वतःकडे ठेवून ते बदल्यात सोडियम सोडतात. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, त्या जड पाण्याला आपण नावं ठेवतो आणि डाळ लवकर शिजवणारं हलकं पाणी गोड म्हणून भरून आणतो. हलकं पाणी सगळीकडे घातकच असतं असं नाही; पण खडकात फ्लोराइड असेल तिथे या गोडीवर विसंबता येत नाही. पोटात गेल्यावरही हेच प्रेम आड येतं, कारण शरीरातलं कॅल्शियम साठलेलं असतं दातांत आणि हाडांत.

पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅमची, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये पंधरा ग्रॅम. एवढ्याशाने काय होतं, असं कुणीही म्हणेल. भारतीय मानकात खरं तर १ मिलिग्रॅमच इष्ट मानलेला आहे; १.५ ची सवलत आहे ती दुसरा स्रोत नसेल तेव्हापुरती. शिवाय मर्यादा लिटरमागे सांगितली तरी शरीर मोजतं ते दिवसाचं एकूण. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मे महिन्यात शेतावर राबणाऱ्या माणसाला गेलेल्या घामाची भरपाई चार-पाच लिटर पाणी पिऊन करावी लागते. कागदावरचं सुरक्षित पाणी त्याच्यासाठी तेवढं सुरक्षित राहत नाही.

पिण्यासाठी खोल जाऊ नये या म्हणण्यावर सर्वांत वजनदार आक्षेप इतिहासाचा आहे. उघड्या विहिरींमधून पटकी, हगवण पसरत होती, म्हणून तर १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगावी हातपंप आले. सोलापूर आणि जालन्याच्या पंपांवरून पुढे ‘इंडिया मार्क टू’ घडला. त्याने असंख्य मुलं वाचवली, हे नाकारणं कृतघ्नपणाचं ठरेल. पण जंतू उकळून मरतात, ब्लीचिंग पावडरने मरतात. फ्लोराइड उकळल्याने जात नाही, उलट पाणी आटल्यावर ते दाट होतं. घरात दूर करता येणारा दोष पत्करावा आणि न करता येणारा टाळावा, एवढाच हा हिशेब. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची ‘नलगोंडा’ पद्धत शोधली. ती चालते, पण मात्रा रोज जपणारं माणूस आणि उरलेल्या गाळाची व्यवस्था असेल तिथेच. आरओ यंत्राला वीज लागते, आणि ते जे पाणी फेकून देतं त्यातून काढलेलं फ्लोराइड पुन्हा जमिनीकडेच जातं.

धरणाचं पाणी खडकाच्या सहवासात फार राहिलेलं नसतं, म्हणून जिथे नळयोजना पोचते तिथे तेच बरं. डोंगरातल्या कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, ती सहज पोचत नाही आणि उथळ विहीर उन्हाळ्यात आटते, हेही खरं. पण पिण्याचं आणि वापरायचं पाणी वेगळं केलं की आकडे आवाक्यात येतात. पिणं आणि स्वयंपाक धरून पाच जणांच्या घराला रोज पंचवीस लिटर लागतात. पावसाळ्याबाहेरच्या आठ महिन्यांना सहा हजार लिटर. वीस चौरस मीटरच्या पत्र्यावर ८०० मिलिमीटर पाऊस पडला तर सोळा हजार लिटर पडतात. चौथा हिस्सा वाया गेला तरी बारा हजार उरतात. खर्च पडतो तो टाकीचा, आणि तो एकेका कुटुंबावर टाकून चालणार नाही. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी पत्रा धुऊन निघण्यासाठी सोडून द्यायचं, पुढचं झाकून ठेवायचं, पिताना उकळायचं. हातपंप बुजवायचं कारण नाही. आंघोळीला, धुण्याला त्याचं पाणी चालतं, कारण फ्लोराइड कातडीतून आत शिरत नाही. गुरांना मात्र ते पाजू नये. त्यांच्याही दातांवर तेच पट्टे येतात.