मुखार्बुदाच्या शस्त्रकर्मानंतर : पुनरुद्भवाची शंका आणि वैद्याचे कर्तव्य

वरोरा परिसरात खर्रा म्हणजे काय, हे कोणास समजावून सांगावे लागत नाही. सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला हा पदार्थ गालात धरण्याची सवय चंद्रपूर-गडचिरोलीत खोलवर रुजली आहे. यास्तव जबडा, जीभ वा गालावर शस्त्रकर्म होऊन परतलेला रुग्ण आपल्या चिकित्सालयात येतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "डॉक्टरसाहेब, पुन्हा तर होणार नाही ना?"

हा प्रश्न प्राचीन आहे. पूर्वीच्या अर्बुदावर उत्पन्न होणाऱ्या अर्बुदास सुश्रुताचार्यांनी 'अध्यर्बुद' म्हटले आहे. दोष शेष राहिल्यास अर्बुद शीघ्र पुन्हा होते, म्हणून ते निःशेष काढावे, असेही ते बजावतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याच दिशेचा आहे. प्रारंभिक मुखकर्करोगात मुखातील गाठीबरोबरच मानेतील लसिकाग्रंथी काढलेल्यांपैकी ३ वर्षांनी ८० टक्के हयात होते. मानेत गाठ आल्यावरच त्या काढलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होते.

तथापि शस्त्रकर्माने उर्वरित मुख निर्दोष होत नाही. तंबाखूचा संस्कार संपूर्ण मुखावर झालेला असल्याने दुसऱ्या गालावर वा घशातही नवे अर्बुद संभवते. बहुतांश पुनरुद्भव पहिल्या २ वर्षांत आढळतात. म्हणून पहिल्या वर्षी दर १ ते ३ महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी २ ते ६ महिन्यांनी व पुढे पाचव्या वर्षापर्यंत ४ ते ८ महिन्यांनी तपासणी इष्ट होय.

नागपूर-मुंबईची फेरी व बुडणारी मजुरी यांमुळे रुग्ण ती टाळतो आणि 'तोंड आले' म्हणून आपल्याकडे येतो. खरा धोका येथेच आहे. मुखपाक समजून खदिरादी वटी वा इरिमेदादी तेलाचा गंडूष महिनोन्महिने देणे म्हणजे बहुमोल काळ दवडणे होय. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, रक्तस्राव, मानेत नवी गाठ, एकाच कानात वेदना, गिळण्यास त्रास, स्वरभेद, हलू लागलेला दात वा कमी होत जाणारे तोंड उघडणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास रुग्णास शस्त्रकर्म झालेल्या रुग्णालयात त्वरित पाठवावे. व्रणावरील तेच औषध वारंवार नेणाऱ्यास औषधालयचालकांनीही अवश्य हटकावे.

श्री. शरद पवार यांच्यावर २००४ साली मुखकर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरही दोन दशके ते सार्वजनिक जीवनात कार्यरत राहिले. हे उदाहरण रुग्णास जरूर सांगावे. मात्र 'काही होणार नाही' अशी हमी देऊ नये. खर्रा कायमचा सोडवावा, प्रत्येक भेटीत मुख व मान स्वतः पाहावी आणि पुढील तपासणीची तारीख चिठ्ठीवर लिहून द्यावी. रुग्णाच्या शंकेस वैद्याचे हेच प्रामाणिक उत्तर होय.