आठ हजारांतला एक

मिठाईवर चांदीचा वर्ख असतो ना, तसाच सोन्याचाही असतो. नुसत्या फुंकरीने उडतो, बोटाला लागला की चुरगळतो. सोनं इतकं मऊ की ठोकून ठोकून ते केसाच्या शंभराव्या भागाहूनही पातळ करता येतं. तरीसुद्धा त्या वर्खात सोन्याच्या अणूंचे शेकडो थर एकावर एक बसलेले असतात! मग एवढ्याशा अणूच्या आत काय आहे, हे माणसाला कळलं कसं? उघडून तर बघता येत नाही.

त्यावर एक युक्ती निघाली. अणूंवर मारा करायचा, आणि कोण कुठे उडतं ते मोजत बसायचं.

गोष्ट इंग्लंडमधल्या मँचेस्टरची, साल १९०९. तिथल्या विद्यापीठात अर्नेस्ट रुदरफोर्ड प्राध्यापक होते. मूळचे न्यूझीलंडचे, आणि आदल्याच वर्षी नोबेल पारितोषिक मिळालेले. त्यांच्या हाताशी होते हान्स गायगर. किरणोत्सार मोजायचं जे यंत्र आजही वापरतात, ते याच गायगरांच्या नावानं ओळखलं जातं. आणि तिसरा होता अर्नेस्ट मार्सडेन नावाचा विद्यार्थी. वय फक्त वीस, म्हणजे तुमच्या कॉलेजात जाणाऱ्या ताई-दादाएवढाच.

अणूत ऋणप्रभाराचे इलेक्ट्रॉन असतात, हे जे. जे. थॉमसन यांनी १८९७ मध्येच दाखवलं होतं. थॉमसन म्हणत, अणूभर धनप्रभार पसरलेला आहे आणि रव्याच्या लाडवात बेदाणे असावेत तसे इलेक्ट्रॉन त्यात रुतलेले आहेत. बहुतेकांना ते पटलंही होतं.

मारा करायला रुदरफोर्डनी निवडले अल्फा कण. रेडियमसारख्या पदार्थांतून ते आपोआप बाहेर पडतात. त्यांच्यावर धनप्रभार असतो आणि वेग असतो सेकंदाला १५ हजार किलोमीटरहून जास्त. या वेगाने मुंबईहून निघालं तर अर्ध्या सेकंदात लंडन! असे कण वर्खावर सोडले की ते आरपार जात, फार तर जरासे वाकत. लाडवासारख्या अणूकडून अपेक्षाही तीच होती.

मग रुदरफोर्डनी मार्सडेनला सुचवलं, की एखादा कण उलटा मागे येतो का, तेही बघ. काही दिसेल अशी त्यांची स्वतःची अपेक्षा नव्हती. पण बघायला काय हरकत आहे?

बघायचं कसं, ते ऐका. खोलीत गच्च काळोख करायचा. डोळ्यांना काळोखाची सवय होईपर्यंत तसंच बसून राहायचं. समोर झिंक सल्फाइडचा लेप दिलेला छोटा पडदा. त्यावर अल्फा कण आपटला की टाचणीच्या टोकाएवढी चमक उठते आणि लगेच विझते. ती सूक्ष्मदर्शकातून पाहायची आणि मोजायची. एक चमक, एक कण. आता गंमत बघा, पडदा ठेवला होता वर्खाच्या पलीकडे नाही, तर अलीकडे, जिथून कण सुटतात त्याच बाजूला. मध्ये शिशाचा तुकडा आडवा घातलेला, म्हणजे एकही कण थेट पडद्यावर जायला नको. त्यामुळे पडद्यावर चमक दिसलीच, तर तो कण धातूवरून उलटूनच आलेला असणार.

आणि चमक दिसली! एक नाही, अनेक. सोनं, चांदी, तांबं, लोखंड, ॲल्युमिनियम, सगळ्या धातूंवर त्यांनी प्रयोग केला. धातूचे अणू जितके जड, तितके जास्त कण मागे येत होते. प्लॅटिनमवर मोजलं तेव्हा सुमारे ८,००० कणांमागे एक कण मागे फिरत होता.

मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही, की जिथं काही सापडेल असं कुणालाच वाटत नव्हतं, तिथंही गायगर आणि मार्सडेन या दोघांनी काळोखात बसून चोख मोजणी केली. आठ हजारांत एक, म्हणजे सोडून द्यायला किती सोपा!

रुदरफोर्ड दीडेक वर्ष यावर विचार करत राहिले. अल्फा कण इलेक्ट्रॉनच्या सात हजार पटींहून जड. म्हणजे इलेक्ट्रॉन त्याला मागे ढकलूच शकत नाही. पसरलेल्या प्रभारातही तेवढा जोर नाही. मग अणूचा सगळा धनप्रभार आणि जवळजवळ सगळं वस्तुमान मधल्या एका इवल्याशा जागेत एकवटलेलं असलं पाहिजे. अल्फा कण त्याच्या अगदी समोर गेला तरच तो मागे फेकला जातो, आणि असं क्वचितच घडतं. १९११ मध्ये त्यांनी हे जाहीर केलं. तेच अणूचं केंद्रक.

केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन असतात. न्यूट्रॉन सापडायला १९३२ साल उजाडलं, आणि तो शोधला रुदरफोर्ड यांचेच विद्यार्थी जेम्स चॅडविक यांनी. मूलद्रव्य कोणतं, ते प्रोटॉनची संख्या ठरवते. ७९ प्रोटॉन म्हणजे सोनं. एक कमी केलात तर प्लॅटिनम, एक वाढवलात तर चक्क पारा!

आता वही घ्या आणि पेन्सिलीने एक मिलिमीटरचं टिंब काढा. हे सोन्याच्या अणूचं केंद्रक. मग या अणूची कड कुठे येईल? वहीच्या पानावर नाही, बाकावरही नाही. टिंबापासून जवळजवळ दहा मीटर लांब, बहुतेक वर्गाच्या बाहेर व्हरांड्यात! मधल्या एवढ्या मोठ्या जागेत फक्त ७९ इलेक्ट्रॉन. तेही रुळावरून धावल्यासारखे गोल फिरत नाहीत. ते कुठे सापडण्याची शक्यता जास्त, एवढंच सांगता येतं.

तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात मात्र केंद्रक चांगलं ठसठशीत गोळ्यांचं काढलेलं असेल आणि इलेक्ट्रॉनची वर्तुळं त्याला खेटून असतील. चित्रकाराचा इलाज नाही, पान तेवढंच असतं. तुम्ही त्या चित्राखाली पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहून ठेवा: ‘हे चित्र मापात नाही.’