पाळणा

पाळणा : तान्ह्या मुलाला निजविण्यासाठी व झुलविण्यासाठी वापरण्यात येणारे टांगते किंवा डोलते साधन. कन्नडमध्ये यास ‘तोट्टिलु’ म्हणतात. पाळणा आडव्या निजणाऱ्या मुलासाठी बनविलेला असतो. मूल आधार धरून उभे राहू लागले, म्हणजे पाळण्याचे संरक्षण संपते आणि त्याची उंची, त्याचे झुलणे व त्याचे ठेंगणे कठडे हीच अपघाताची कारणे होतात. त्यामुळे पाळण्याची रचना आणि शिशूच्या हालचालींचा विकास यांचा विचार एकत्रितपणे करावा लागतो.

प्रकार व परंपरा : महाराष्ट्रात पाळण्याचे दोन प्रमुख प्रकार आढळतात. पहिला लाकडी वा धातूचा पाळणा. त्याची चौकट चार साखळ्यांनी किंवा दांड्यांनी वरच्या कडीला अडकविलेली असते. दुसरा प्रकार झोळीचा. जुने लुगडे किंवा धोतर तुळईला, झाडाच्या फांदीला अथवा तिकाटण्याला बांधून ती तयार करतात. शेतात राबणाऱ्या व ऊसतोडीस जाणाऱ्या स्त्रियांना तान्हे मूल जवळ ठेवण्यासाठी तिचा मोठा आधार असतो. बारशाच्या दिवशी मुलाला पाळण्यात घालून त्याचे नाव ठेवतात. त्या वेळी म्हणावयाच्या गीतालाही ‘पाळणा’ हेच नाव आहे. रामनवमी, गोकुळाष्टमी व शिवजयंती या उत्सवांतही पाळणे गाइले जातात. अनेक कुटुंबांत पहिल्या मुलाचा पाळणा आजोळहून येतो व पुढे तोच पिढ्यानुपिढ्या वापरला जातो.

पाळण्याचे स्थान घराच्या बांधणीवर अवलंबून असते. धाराशिव जिल्ह्याच्या (पूर्वीचा उस्मानाबाद जिल्हा) उमरगा तालुक्यातील मुरुम व त्याच्या आसपासच्या भागातील जुनी घरे दगडमातीच्या जाड भिंतींची, लाकडी खांब-तुळयांची व वर मातीचा थर दिलेल्या माळवदाची असत. अशा घरात पाळणा तुळईच्या कडीला टांगला जाई. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात औसा व उमरगा या तालुक्यांतील अशी असंख्य घरे कोसळली. त्यानंतरच्या नव्या बांधकामांत तुळई राहिली नाही. स्लॅबच्या घरात छतात कडी बसवून घ्यावी लागते किंवा जमिनीवर उभ्या राहणाऱ्या लोखंडी चौकटीचा पाळणा आणावा लागतो. शहरांतून चारही बाजूंना गजांचे उंच कठडे असलेली मुलांची खाट रूढ होत आहे. पाळणा व ही खाट यांचे कार्य मात्र भिन्न आहे : पाळणा झुलविण्यासाठी असतो, तर कठड्याची खाट स्थिर राहून मुलाला आत सुरक्षित ठेवण्यासाठी असते.

उभे राहण्याची अवस्था : मुलाचे शरीरावरील नियंत्रण डोक्याकडून पायांकडे विकसित होत जाते. प्रथम मान सावरते, मग मूल कुशीवर व पालथे होते, बसते, रांगते आणि अखेरीस पायांवर भार घेते. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिकेची संयुक्त संस्थाने या पाच देशांतील ८१६ मुलांचे निरीक्षण करून २००६ मध्ये या टप्प्यांच्या कालमर्यादा प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार आधाराने उभे राहणे ४·८ ते ११·४ महिन्यांच्या दरम्यान, तर आधाराविना उभे राहणे ६·९ ते १६·९ महिन्यांच्या दरम्यान साध्य होते. सरासरी वये अनुक्रमे ७·६ व ११ महिने आहेत. सु. चार टक्के मुले हातांवर-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. भारतीय शिशूंच्या विकासाची प्रमाणके बडोदे येथे प्रमिला फाटक यांनी तयार केली. त्यांवर आधारलेली मापनश्रेणी आजही बालरुग्णालयांतून वापरली जाते.

या कालमर्यादांची व्याप्ती लक्षणीय आहे. एकाच वयाच्या दोन निरोगी मुलांपैकी एक पाळण्यात शांत पडून असते, तर दुसरे कठडा धरून उभे असते. त्यामुळे पाळणा केव्हा बंद करावा, हे केवळ वयावरून ठरविता येत नाही. ते मुलाच्या हालचालींवरून ठरवावे लागते. शिवाय उभे राहण्याचे कौशल्य सहसा पूर्वसूचना न देता प्रकट होते. काल केवळ बसणारे मूल आज गज धरून उठते व तेही घरातील माणसे झोपेत असताना.

उठणे आणि खाली बसणे ही दोन स्वतंत्र कौशल्ये आहेत. उठताना मूल हातांनी शरीर वर ओढते व पाय ताठ करते. खाली बसताना मांडीचे स्नायू हळूहळू सैल सोडीत सर्व भार पेलावा लागतो. हे नियंत्रण काही आठवडे उशिरा येते. त्या मधल्या काळात मूल रात्री जागे होऊन कठड्याला धरून उभे राहते आणि बसता येत नाही म्हणून रडते. हा हट्ट किंवा आजार नव्हे. दिवसा जमिनीवर, कंबरेला हाताचा आधार देऊन गुडघे वाकवीत बसण्याचा सराव दिल्यास ही अडचण लवकर दूर होते.

धोक्याचे स्वरूप : नऊ महिन्यांच्या मुलाची मध्यम उंची सु. ७२ सेंमी. व मुलीची सु. ७० सेंमी. असते. वीत-दीड वीत उंचीचा पाळण्याचा कठडा उभ्या मुलाच्या मांडी-कंबरेपर्यंतच येतो. या वयात डोके शरीराच्या मानाने मोठे असल्याने गुरुत्वमध्य कंबरेच्या बराच वर असतो. परिणामी थोडे वाकताच मूल कठड्यावरून बाहेर कलंडते. टांगत्या पाळण्यात आणखी एक भर पडते. मूल कठडा धरण्यासाठी एका बाजूस सरकले, की भार त्या बाजूस जातो, पाळणा तिकडे झुकतो आणि पायांखालचा तळ उतरता होतो. म्हणजे मूल ज्याला आधार समजून धरते, तोच आधार त्याच्या भाराने खाली जातो. पडताना हात पुढे टेकण्याची प्रतिक्षिप्त क्रिया आठव्या-नवव्या महिन्याच्या सुमारास नुकतीच येऊ लागलेली असते, त्यामुळे आघात बहुधा डोक्यावर होतो.

पडणे टाळता येत नाही. उंची टाळता येते. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ ते १९ महिन्यांची मुले खेळताना तासाला सरासरी २,३६८ पावले टाकतात व १७ वेळा पडतात, असे दिसून आले. जमिनीवरील अशा पडण्याने सहसा इजा होत नाही. ते शिकण्याचेच अंग असते. परंतु आघाताची ऊर्जा उंचीच्या प्रमाणात वाढते. कंबरेइतक्या उंचीवरून फरशीवर होणारे पतन म्हणूनच गंभीर ठरू शकते.

पडण्याखेरीज अडकण्याचा धोकाही असतो. गजांमधील अंतर जास्त असल्यास धड बाहेर जाऊन डोके आत अडकते. गळ्यातील काळा दोरा किंवा ताईत उभ्या मुलाच्या बाबतीत पाळण्याच्या नक्षीदार टोकात गुंतून फास बसू शकतो. झुलविण्याची लांब दोरी आणि झोळीच्या कापडाचा पीळ यांतूनही असे अपघात घडतात. झोळीत खेळणारी मोठी भावंडेही त्यांत सापडतात. उभे राहिलेले मूल कठडा चावते. जुन्या, वारशाने आलेल्या पाळण्यांच्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते व ते पोटात गेल्यास मेंदूच्या वाढीस अपाय होतो. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये झाले व १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वी रंगविलेल्या पाळण्यांना अर्थातच त्यांचे संरक्षण नाही.

मानके : मुलाभोवतीच्या वस्तूंविषयीची दक्षता भारतात प्राचीन आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात कुमारागाराचे वर्णन असून मुलाची खेळणी रंगीत व आवाज करणारी, पण जड नसलेली, अणकुचीदार नसलेली व तोंडात जाणार नाहीत अशी असावीत, असे सांगितले आहे. अमेरिकेत १९७३ मध्ये खाटेविषयीचे नियम करण्यात येऊन दोन गजांमधील अंतर सु. ६ सेंमी.पेक्षा अधिक नसावे, असे ठरविण्यात आले. खाली सरकणाऱ्या बाजूत सापडून अनेक शिशूंचे मृत्यू झाल्याने २८ जून २०११ पासून तेथे अशा खाटांच्या निर्मितीस व विक्रीस बंदी घालण्यात आली. यूरोपीय मानकानुसार गजांमधील अंतर ४·५ ते ६·५ सेंमी. असते आणि तळ सर्वांत खालच्या स्थितीत असताना कठड्याची आतील उंची किमान ६० सेंमी. असावी लागते.

दक्षता : मूल हातांवर व गुडघ्यांवर उठू लागले किंवा आधाराविना बसू लागले, की टांगत्या पाळण्याचा व झोळीचा वापर थांबविणे इष्ट. त्यानंतर जमिनीवरील अंथरूण किंवा उंच कठड्याची स्थिर खाट योग्य ठरते. खाटेचा तळ मूल बसू लागताच खाली घ्यावा व ते उभे राहण्यापूर्वी सर्वांत खालच्या खाचेत बसवावा. गादी टणक व चौकटीत घट्ट बसणारी असावी. उशा, लोड, जाड गोधडी व मोठी खेळणी खाटेत ठेवू नयेत : लहान शिशूचा श्वास त्यांनी कोंडू शकतो, तर उभ्या मुलाला त्यांची पायरी मिळते. डोक्याला आकार यावा म्हणून वापरली जाणारी मोहरीची उशीही यास अपवाद नाही. पहिले वर्षभर मुलाला उताणे निजवावे. ते स्वतः वळले, तर पुन्हा उताणे करण्याची गरज नसते. खाट खिडकी, पडद्याच्या दोऱ्या व विजेच्या तारा यांपासून दूर असावी. छतातील कडी, साखळ्या व खिळे यांची वेळोवेळी तपासणी करावी. मुलाची उंची सु. ८९ सेंमी. झाली अथवा कठडा त्याच्या छातीखाली येऊ लागला, म्हणजे खाटही बंद करावी.

उभे राहण्याच्या सरावासाठी जमीनच उत्तम. ढकलत चालावयाचा लाकडी पांगुळगाडा उभे राहता येणाऱ्या मुलाला, मोठ्यांच्या देखरेखीखाली उपयुक्त ठरतो. मुलाला मध्ये बसवून चाकांवर फिरविणारा वॉकर मात्र पायऱ्यांवरून कोसळण्यास कारण होतो. कॅनडाने २००४ मध्ये त्यावर बंदी घातली.

मूल उंचावरून पडल्यावर बेशुद्धी, वारंवार उलट्या, असाधारण सुस्ती, झटके अथवा नाका-कानांतून पाणी वा रक्त येणे यांपैकी काहीही आढळल्यास त्याला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. याउलट, बारा महिने पूर्ण होऊनही मूल आधाराने उभे राहत नसेल किंवा शरीराची एकच बाजू वापरीत असेल, तरीही तपासणी आवश्यक असते. महाराष्ट्रात पालघर येथून २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची आरोग्यतपासणी होते व विकासातील विलंब आढळल्यास पुढील उपचारांची सोय केली जाते.